छायाच्या बोटीचे अर्थिंग

छायाच्या ओढण्यांना भोके असतात. नवी ओढणी घेतली की थोड्याच दिवसांत तिच्यावर मोहरीएवढे ठिपके उमटतात, मग ती दुकानात राहते आणि घरासाठी दुसरी येते. बॅटरीचे ॲसिड कापडाला लागले तर लगेच काही दिसत नाही. धुतल्यावर कळते.

गंगापूर गावाच्या नाक्यावर तिचे बॅटरीचे दुकान आहे. पाटीवर अजून वडिलांचेच नाव आहे, 'गोटीराम ऑटो इलेक्ट्रिक', आणि त्यातले 'गोटी' उन्हाने इतके उडाले आहे की नवखा माणूस तिला रामभाऊंची मुलगी समजतो. छायाचे लग्न येवल्याला झाले होते. तिथला संसार टिकला नाही. वडील गेले त्याच वर्षी ती एका पिशवीनिशी परत आली आणि दिवसकार्य आटोपल्यावर दुकानाचे शटर वर केले. समोरच्या टपरीवरच्यांनी आठवडाभर गंमत पाहिली. इंजिन चालू करणारा ट्रॅक्टरचा जड सेल्फ बाईला उचलेल का, यावर पैजाही लागल्या. छायाने सेल्फ उचलला, खोलला, बसवला आणि पैज हरलेल्याला सांगितले, "दादा, आता माझा चहा तुझ्याकडं."

आई ती लहान असतानाच गेली होती. तिला वाढवले आत्याने, कातळवाडीच्या ठमाबाईने. कातळवाडी धरणाच्या पाण्याला लागून आहे. छायाला डांग्या खोकला झाला, तेव्हा ठमाबाईने इंग्रजांच्या वेळचा भोकाचा पैसा काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. तांबूस, गोल, मध्ये करंगळीचे टोक जाईल एवढे भोक. खोकला गेला, पैसा मात्र राहिला. शाळेतल्या मुली 'पैसेवाली' म्हणून चिडवत, तरी तो गळ्यातच असे. हळदीच्या दिवशी ठमाबाईने दोरा कापला आणि पैसा आपल्या देव्हाऱ्यात ठेवला. "परत लागला तर परत बांधीन," ती म्हणाली होती.

बोट आली ती ठमाबाईमुळेच. कातळवाडीची निम्मी शेती पाण्यापलीकडे आहे. गुलाब, झेंडू, मेथी, कोथिंबीर सगळे तिकडे, आणि डांबरी रस्ता, टेम्पो, बाजार इकडे. वळसा घालून जायचे तर सकाळ त्यातच संपते. बायकांच्या बचत गटाने एका हॉटेलवाल्याची जुनी ॲल्युमिनियमची बोट घ्यायचे ठरवले, तेव्हा प्रश्न आला की चालवायची कोणी. पुरुष मंडळी घसे खाकरू लागली. ठमाबाई गटाची अध्यक्ष होती. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "माझी छाया चालवल. इंजिन तिला कळतं, पाणी तिला कळतं, आन माणसंबी कळत्यात. अजून काय पायजे?"

छायाला त्या दिवशी जे वाटले ते तिने कोणाला सांगितले नाही. येवल्याहून परतल्यापासून लोक तिच्याशी कामापुरते बोलत. गावाने स्वतःहून तिच्या हाती काही सोपवावे, असे पहिल्यांदाच घडत होते.

बोटीचे जुने वायरिंग उंदरांनी कुरतडलेले होते. ते सगळे काढून नवे करायला तिने सातपूरच्या वाल्मीकला बोलावले. वाल्मीक बोटींची इंजिने दुरुस्त करतो आणि पत्र्याचे कामही करतो. इंजिन त्याने पाहिले, वायरी छायाने हातात घेतल्या.

"ताई, आता ट्रॅक्टर विसर," वाल्मीक म्हणाला.

"ट्रॅक्टर विसरले तर खाऊ काय?"

"खा ट्रॅक्टरवरच. पण इथं पत्र्याला वायर लावू नको. ट्रॅक्टरला तू काय करती? बॅटरीची मायनस बॉडीला देती, आन मग दिव्याला, हॉर्नला एकच वायर. परतीचा करंट बॉडीतून येतो. ट्रॅक्टर कोरड्यात उभा असतो, त्याला काय फरक पडत नाय. ही पाण्यात बसती. पत्र्यातून करंट फिरला का पत्रा खाल्ला जातो. हळूहळू. खार शेंगदाणा खाती ना, तसा."

छाया हसली, पण ते तिने मनावर घेतले. बोटीत दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिन सुरू करण्यापुरती, दुसरी दिवे, हॉर्न आणि तळाचे पाणी उपसायच्या पंपासाठी. दोन्हींच्या मायनस तिने पत्र्यापासून अलग ठेवलेल्या एकाच जाड बोल्टवर आणल्या आणि तिथून एक केबल इंजिनाला नेली. प्रत्येक दिव्याला जाणारी एक आणि येणारी एक अशा दोन वायरी दिल्या. बॅटऱ्या लाकडी पेटीत पट्ट्यांनी आवळून बसवल्या. टोकांना व्हॅसलीन चोपडले.

एकाच ठिकाणी हात चुकला. हॉर्न अगदी नाकाशी होता आणि परतीची वायर वीतभर कमी पडली. संध्याकाळ झाली होती. वडिलांच्या हाताखाली लागलेल्या सवयीने तिने ते टोक जवळच्या स्क्रूखाली पत्र्याला दाबले, हॉर्न वाजवून पाहिला आणि निघाली. आत्याकडे भाकरी खाताना तिला चैन पडेना.

"आज एक घाण काम करून आले, आत्या."

"काय केलंस?"

"हॉर्नचं अर्थिंग पत्र्याला दिलं. वायर पुरली नाय."

"मग सकाळी काढ की."

"काढणारच हाय. पण झोप लागायची नाय."

"येडी कुठली," ठमाबाई म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी पिठले वाढले.

सकाळी छायाने नवी वायर नेली, ते टोक काढले आणि स्क्रूच्या भोकात रबर भरले. एवढीच ती गोष्ट.

दसऱ्याला बोटीची पूजा झाली. नाकाला झेंडूचा हार, आंब्याची डहाळी, लिंबू-मिरची. ठमाबाईने इंजिनाला कुंकू लावले, बॅटरीच्या पेटीला लावले, नारळ फोडून पाणी शिंपडले. मग पेटीपाशीच ती बराच वेळ वाकून राहिली.

"आत्या, कंबर धरली काय?" छायाने विचारले.

"तू कापूर आण आधी," ठमाबाई वर न बघता म्हणाली.

ते वर्ष छायाचे होते. पहाटे ती बोट सोडी. बायका, पाट्या, क्रेट, कधी खताची गोणी, कधी बाळंतपणाला निघालेली लेक. परत येऊन बोट धुवायची आणि नाक्यावर दुकान उघडायचे. गटातली विमलाबाई गुलाबवाली, जिभेने तिखट. ती रोज बसताना म्हणे, "कप्तान, आज बुडवायचा विचार तर नाय ना?" आणि छाया म्हणे, "तुमची उधारी मिटल्याबिगर कशी बुडवू?" पलीकडच्या काठावरून कोणाला बोलवायचे असले की लोक 'छायाऽ' अशी हाक मारत. बोटीला वेगळे नाव ठेवायची गरज कोणाला वाटली नाही.

पुढच्या श्रावणात, गणपतीच्या आधीच्या घाईत, बोट गुलाबाच्या क्रेटांनी भरलेली होती. पाण्याच्या मधोमध विमलाबाईने पाय वर घेतले. "छाया, पाणी हाय खाली." छायाने पंप चालू केला. पंप पाणी फेकत होता, तरी पाणी चढत होते. ते बॅटरीच्या पेटीखालून येत होते. तिने बोट फिरवली आणि जवळच्या उथळ काठाकडे सोडली. "क्रेट फेका! सगळे फेका!" ती ओरडली. बायकांनी रडत रडत गुलाब पाण्यात लोटले. बोट चिखलात रुतली, बायका कंबरभर पाण्यातून काठावर आल्या. कोणाला काही झाले नाही. पण पाण्यावर दूरपर्यंत गुलाब तरंगत होते आणि काठावर जमलेले लोक ते बघत होते.

बोट सातपूरला न्यायची ठरली, तेव्हा छाया निघाली होती. ठमाबाईने तिला अडवले. "तू नको येऊ. लोकं आधीच बोलत्यात. मी आन ज्ञानेश जातो." ज्ञानेश म्हणजे ठमाबाईचा मुलगा. छायाला तेव्हा आत्याच्या मायेने भरून आले.

लोक बोलत होते ते हे की छायाने ट्रॅक्टरसारखे वायरिंग केले आणि करंटने पत्रा खाल्ला. वाल्मीकचे शेंगदाण्याचे बोलणे वर्षभरात गावभर झाले होते. छायाने स्वतःच ते हसत हसत सगळ्यांना सांगितले होते.

गटाची बैठक मारुतीच्या देवळापुढे झाली. छाया मीटर घेऊन गेली होती. तिला वाटले, विचारतील, मग एकेक वायर समजावून सांगू. विमलाबाई म्हणाली, "पोरगी खोटं बोलायची नाय. तिला इचारा." सगळ्यांनी ठमाबाईकडे पाहिले.

ठमाबाईने पदर सारखा केला. "छाया, एक सांग. पत्र्याला वायर एकदाबी दिली नव्हती?"

छाया थबकली. हे फक्त दोघींना माहीत होते, भाकरी खाताना बोललेले.

"हॉर्नची दिली होती," ती म्हणाली. "एक रात्र. सकाळी काढली."

"म्हंजे दिली होती."

"आत्या, एका रात्रीत पत्रा जात नाय. आन हॉर्न पुढं, भोक मागं..."

पण मागचे कोणी ऐकले नाही. 'दिली होती' एवढेच देवळाच्या पायऱ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. ठमाबाईने हात वर केला आणि सगळे गप्प झाले. "माझी भाची असली तरी चूक ती चूक. माणसं बुडली असती तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? बोट दुरुस्त होऊन आली का दुसरं कुणी चालवल."

बायका माना डोलावू लागल्या. अध्यक्ष असावी तर अशी, घरचे-दारचे बघितले नाही, असे म्हणत त्या उठल्या. छाया मीटर पिशवीत घालून पायी नाक्यापर्यंत आली. वाटेत तिलाही वाटून गेले की आत्याने न्यायच केला. रबर नीट बसले नसेल. कुठेतरी आपलाच हात चुकला असेल. पुढे कित्येक दिवस ती मनातल्या मनात त्या बोटीची वायर न् वायर सोडत आणि परत जोडत राहिली.

बोट ज्ञानेश चालवू लागला.

पितृपक्षात छाया एका कामासाठी सातपूरला वाल्मीककडे गेली. तो वेल्डिंग करत होता. तोवर ती भंगाराच्या ढिगाशी उभी राहिली आणि तिला तो तुकडा दिसला. हातभर ॲल्युमिनियमचा पत्रा, बोटीच्या तळातून कापलेला. पांढरी पूड धरलेली. मध्ये खोल खाल्लेले एक गोल कडे, एका बाजूला आरपार. आणि त्या कड्याच्या बरोबर मध्यभागी करंगळीच्या टोकाएवढा पत्रा जसाच्या तसा शाबूत.

छायाने तो तुकडा उचलला. आणि तिचा दुसरा हात आपोआप गळ्याशी गेला.

वाल्मीक काच वर करून आला. "बघितलास ना? पैशाची करामत. तांबं आन ॲल्युमिनियम एकत्र ठेवून वर ओल, म्हंजे बॅटरीच झाली की. त्यात तुमच्या खताच्या गोण्या, पोटॅशचं पाणी. दुसरं काय व्हायचं?"

"पैसा कुठंय?"

"तुझ्या आत्याला दिला. भोकात अडकलेला होता. मी म्हणलं, हा बघा चोर, पोरीच्या वायरिंगला काय झालेलं नाय. ती म्हणली, सांगते मी सगळ्यांना." त्याने छायाकडे नीट पाहिले. "सांगितलं नाय?"

"कधी दिलास?"

"बोट आणली त्याच दिवशी. का गं?"

बैठक त्यानंतर झाली होती. तो तुकडा पिशवीत घालून ती थेट कातळवाडीला गेली.

ठमाबाई ओसरीवर झेंडू निवडत बसली होती. छायाने तुकडा तिच्यापुढे ठेवला. ठमाबाईचे हात थांबले, पण नजर फुलांवरच राहिली.

"तू टाकलास?"

"तुझ्यासाठी टाकला, बाई. पाण्याचं काम. देव्हाऱ्यातला पैसा, तुला एकदा राखलं होतं त्यानं. मला काय ठाऊक पत्रा खाईल म्हणून?"

"तेव्हा ठाऊक नव्हतं. बैठकीत होतं ना?"

ठमाबाईने झेंडूची पाटी जवळ ओढली.

"मला इचारलंस, पत्र्याला वायर दिली होती का. पैसा तुझ्याजवळ असताना इचारलंस."

"अगं, मी अध्यक्ष हाय. लोकं म्हणली असती, म्हातारीनं खुळ्यासारखं करून बायका बुडवल्या. उद्या गट मोडला असता. तुझं काय, तुला दुकान हाय, नाक्यावर चार गिऱ्हाइकं हायेत. मला याच गावात मरायचंय."

"मलाबी यायचं होतं या गावात," छाया म्हणाली. "एवढंच होतं माझं."

"येतीस की. कोण अडवतंय?"

"दसऱ्याला बोटीची पूजा हाय. सगळ्या असतील. तू सांग. मी नाय सांगणार, तूच सांग."

ठमाबाईने मान हलवली. हो की नाही, ते कळले नाही. निघताना तिने नेहमीप्रमाणे विचारले, "चहा टाकू?" आणि छायाने आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात नको म्हटले.

दसऱ्याला छाया काठावर जाऊन उभी राहिली, बायकांच्या मागे, पिशवीत तो तुकडा घेऊन. ज्ञानेशने बोट धुऊन ठेवली होती. हार घातला गेला, कुंकू लागले, नारळ फुटला. आशा नावाच्या एका तरुण सुनेने पूजेतला तांब्याचा पैसा बोटीत टाकायला हात पुढे केला.

"थांब गं!" ठमाबाई ओरडली. "काय टाकू नका आत. तांबं नाय, पितळ नाय. काहीच नाय."

"का गं?" विमलाबाईने विचारले.

ठमाबाईने एकवार मागे पाहिले. दोघींची नजरानजर झाली.

"वाल्मीक म्हणत व्हता," ठमाबाई म्हणाली. "पत्र्याला चांगलं नसतं."

"किती बारीक ध्यान हाय बाईचं," कोणीतरी म्हणाले. आशाने पैसा कनवटीला लावला. बोट वाचली.

छाया पुढे आली. बायकांनी वाट दिली. तिने पिशवीतला तुकडा काढून ठमाबाईच्या पूजेच्या ताटात ठेवला. पांढरी पूड, गोल कडे, मधला शाबूत ठिपका. विमलाबाईने वाकून पाहिले. भोकाचा पैसा तिने छायाच्या गळ्यात लहानपणी पाहिला होता. गावातल्या प्रत्येक जुन्या बाईने पाहिला होता. तिने तोंड उघडले, ठमाबाईकडे पाहिले आणि मिटले. ठमाबाईने ओंजळभर झेंडू उचलून त्या तुकड्यावर टाकला.

"चला गं, आरती घ्या," ती म्हणाली.

बायकांनी आरती घेतली.

दिवाळीच्या तोंडावर ज्ञानेश दुकानात आला. बोटीची एक बॅटरी खांद्यावर होती. "ताई, ही धरतच नाय. पंप चालंना." छायाने झाकणे उघडली, पाणी भरले, चार्जिंगला लावली. ती चार्ज होईपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला. तो चांगला पोरगा आहे. त्याला बोट चालवायला आवडत नाही, पाण्याची भीती वाटते, हे त्यानेच सांगितले.

"विमलाकाकू म्हणत होत्या, छायाला परत बोलवा. सगळ्यांना कळलंय म्हणे."

"मग सगळ्यांनी देवळापुढं बोलावं."

"तसं कोण बोलतंय, ताई." त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि काउंटरवर ठेवली. "आईनं दिलंय. म्हणली, तुझंच हाय, तुझ्याकडं राहू दे."

छायाने पुडी उघडली. पैसा एका कडेने हिरवा पडला होता. ठमाबाईने त्यात नवा काळा दोरा ओवला होता, गाठ मारून, अगदी लहान मुलीच्या गळ्याच्या मापाचा नव्हे तर मोठ्या बाईच्या. छाया बराच वेळ तो पैसा तळहातावर धरून उभी होती. ज्ञानेशला वाटले, आता ती बांधणार.

तिने पुडी परत बांधली.

"हे तिला नेऊन दे. आन सांग, मला असं चोरून नको. गावासमोर काढून घेतलंय, गावासमोर दे म्हणावं. त्या दिवशी मी येईन. बोटपण घेईन."

"आन नाय दिलं तर?"

"तर बॅटरी इथं आणत जा. आणशील तेव्हा भरून देईन. लावताना आधी लाल, मग काळी. काढताना आधी काळी."

ज्ञानेशने बॅटरी खांद्यावर घेतली आणि पुडी शर्टाच्या वरच्या खिशात टाकली. तो पायरी उतरत असताना छायाने मागून हाक मारली.

"ज्ञानेश, तो पैसा आतल्या खिशात ठेव. वाकशील तेव्हा बोटीत पडायचा."